नावात काय आहे? चार जीबी कमी आहेत!

"दादा, ३०६० घेऊ का ४०६०?"

आयटीत नोकरी आहे म्हटल्यावर प्रिंटरपासून सेट टॉप बॉक्सपर्यंत सगळ्याचे डॉक्टर आपणच, हे आता मान्य केलंय. पण हा प्रश्न आला की माझं डोकं सटकतं. विचारणाऱ्यावर नाही. राग येतो तो हा प्रश्न असाच विचारला जावा म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षं मेहनत घेतली त्यांच्यावर. दोन चार आकडी नंबर, मोठा नंबर म्हणजे चांगला, संपला विषय. पॅंटची कंबर विचारल्यासारखं. आणि मग यूट्यूबवर दोन रंगांच्या पट्ट्या, हिरवी पट्टी लांब, करड्या रंगाची आखूड, की झाला निर्णय!

आता मी मूळचा जालन्याचा, पोटासाठी पुण्यात. आमच्या जालन्याला लोक काय म्हणतात ते माहीत असेलच, 'जालना सोने का पालना'. सोनं कुठे आहे ते मला अजून दिसलेलं नाही, पण दोन गोष्टी नक्की आहेत: लोखंड आणि बियाणं. एमआयडीसीत भंगार वितळवून सळई काढणाऱ्या मिला, आणि बियाण्याच्या कंपन्या. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको इथेच सुरू केली आणि १९९८ साली त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. हे सगळं अभिमानाने सांगतोय असं वाटेल, आणि थोडं आहेच, पण मुद्दा वेगळा आहे.

घर बांधायला काढलेला आमच्याकडचा साधा शेतकरीसुद्धा सळई घेताना नुसती 'सळई द्या' म्हणत नाही. किती एमएम? ग्रेड कुठला, ५०० की ५०० डी? वजनावर की नगावर? १२ एमएमची सळई मीटरला ८८८ ग्रॅम भरली पाहिजे, म्हणजे १२ मीटरची एक कांडी साडेदहा किलोच्या थोडी वर. आयएस १७८६ या मानकात या जाडीला वजनात ५ टक्के कमी-जास्त चालतं, त्यापुढे नाही. गवंडी काट्यावर टाकून बघतो. बियाण्याचंही तेच. पिशवीवर वाण, लॉट नंबर, उगवणशक्ती किती टक्के, तपासणी कधी केली, हे छापावं लागतं. १९६६ पासून बियाणे कायदा आहे. फसवणूक होत नाही असं म्हणत नाही मी, दरवर्षी जूनमध्ये बोगस बियाण्याच्या बातम्या येतातच. पण निदान काय विचारायचं ते लोकांना माहितीये, आणि उत्तर पिशवीवर छापलेलं असायला हवं हे कायदा म्हणतो.

आणि तोच माणूस पोराला तीस हजारांचं ग्राफिक्स कार्ड घेऊन देताना काय विचारतो? "नवीन कोणतं?"

तीस हजार म्हणजे किती, ते पुण्यातल्या मंडळींसाठी सांगतो. २०२४-२५ साली लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७५२१ रुपये होता. म्हणजे चार क्विंटल कापूस. कोरडवाहू रानात वर्ष वाईट असेल तर हे एका एकराचं पीक आहे राव. आपल्याकडे हिंजवडीत एवढ्या पैशाचा फोन पाण्यात पडला तर आपण स्टेटस टाकतो, हसतो आणि दुसरा घेतो.

असो. कार्डांकडे येऊ.

एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० आलं फेब्रुवारी २०२१ मध्ये, ४०६० आलं जून २०२३ मध्ये. कागदावर काय आहे बघा. ३०६० मध्ये ३५८४ कुडा कोअर, ४०६० मध्ये ३०७२. म्हणजे नव्यात कमी. पण नव्याचा वेग जास्त, जुनं १७७७ मेगाहर्ट्झ बूस्ट आणि नवं २४६०. त्यामुळे गुणाकार केला की जुनं येतं १२.७ टेराफ्लॉप आणि नवं १५.१. आता मेमरी. जुन्यात १२ जीबी, १९२ बिटची बस, सेकंदाला ३६० जीबी. नव्यात ८ जीबी, १२८ बिटची बस, सेकंदाला २७२ जीबी. वीज जुन्याला १७० वॉट, नव्याला ११५. अमेरिकेतली सुरुवातीची किंमत जुन्याची ३२९ डॉलर, नव्याची २९९.

हे वाचून ज्याला काहीही कळलं नाही त्याने लाजायचं कारण नाही. नुसत्या आकड्यांतून मलाही काही कळत नाही. हे मोंढ्यात नेऊन समजून घ्यावं लागतं.

समजा, मार्केट यार्ड आहे. कोअर म्हणजे हमाल. व्हीआरॅम म्हणजे यार्डाची जागा, किती गाड्यांचा माल एकावेळी आत मावतो. बस म्हणजे हमाल आणि थप्पी यांच्यामधलं फाटक, त्याची रुंदी. १९२ बिट म्हणजे रुंद, १२८ बिट म्हणजे अरुंद. अरुंद फाटकातून पोती जरा जास्त वेगाने काढली (१५ ऐवजी १७ गिगाबिट), तरी एकूण माल कमीच जातो. १९२ भागिले ८ गुणिले १५ म्हणजे ३६०. १२८ भागिले ८ गुणिले १७ म्हणजे २७२. एवढंच गणित आहे, चौथीच्या पोराला येईल.

मग ४०६० खेळांमध्ये पुढे कशी? कारण एनव्हिडियाने हमालांच्या शेजारी मोठा ओटा बांधला. एल-२ कॅश ३ एमबीवरून २४ एमबी केली. सारखा लागणारा माल ओट्यावरच ठेवला की फाटकातून येजा कमी. डोकं चांगलं लावलंय, नाकारत नाही. हमालही जास्त चपळ. १०८०पी वर गेम खेळलात तर ४०६० बहुतेक ठिकाणी ३०६० च्या पुढे जाते, आणि तेही ५५ वॉट कमी खाऊन. इंजिनिअरिंग म्हणून मला आवडतं ते.

पण ओटा मोठा केल्याने यार्डाची जागा वाढत नाही! ८ जीबी भरले की भरले. मग उरलेला माल कुठे? बाहेर, रस्त्यापलीकडच्या गोडाऊनमध्ये, म्हणजे तुमच्या साध्या रॅममध्ये. आणि तिथून आणायचा रस्ता म्हणजे पीसीआय एक्सप्रेस. इथे आणखी एक मेख आहे, जी खोक्यावर ठळक अक्षरात कधीच नसते. ३०६० हा रस्ता १६ लेनचा वापरते, ४०६० आठच लेनचा. नव्या मदरबोर्डवर हे फारसं जाणवत नाही, कारण तिथे प्रत्येक लेन जलद आहे. पण लॉकडाऊनच्या काळात घेतलेली आय-५ १०४०० वाली मशीन असेल, आणि आमच्याकडे त्याच आहेत, तर रस्ता तिसऱ्या पिढीचा. आठ लेनमधून सेकंदाला कसेबसे ८ जीबी. कुठे २७२ आणि कुठे ८. चौतीस पट फरक. माल बाहेर गेला की हमाल तंबाखू मळत बसतात.

हे सगळं पाठ करायची वेळ माझ्यावर आली ती मावसभावामुळे. अंबडला राहतो. लग्नाचं शूटिंग करतो, कॅमेरा कर्जावर, ड्रोन भाड्याने. आता लग्नवाल्यांना सगळं फोर-के मध्ये पाहिजे, वर 'सिनेमॅटिक' पाहिजे, आणि रात्री साडेअकराची वरात म्हणजे जनरेटरच्या उजेडात काढलेलं दाणेदार फुटेज. ते दाणे काढायला नॉइज रिडक्शन लावलं, त्यावर कलर, त्यावर टायटल, की मेमरी कशी उडते ते एडिटिंग करणाऱ्यांना विचारा. आठ जीबीचं कार्ड अशा वेळी नुसतं हळू होत नाही. मेमरी भरली म्हणून ते हात वर करतं, आणि एडिटिंग सॉफ्टवेअर एक्सपोर्ट अर्ध्यावर सोडतं. फावल्या वेळात पोरगं ब्लेंडर शिकतंय, तिथेही तीच रड. सीन मेमरीत मावतो तोवर ४०६० ३०६० पेक्षा चांगलीच जलद रेंडर करते. मावला नाही की तुमची ती लांब हिरवी पट्टी काय चाटायचीय?

२०२४ च्या दिवाळीत, लग्नसराईच्या आधी, त्याने विचारलं. मी म्हणलं, तुझ्या मशीनला आणि तुझ्या कामाला ३०६०, १२ जीबी. त्याला पटेना. "दादा, सगळ्या चार्टात ४०६० पुढं दाखवायलेत. तू जुनं काहून सांगायलास?" समजावलं. पटलं. संभाजीनगरच्या एका दुकानातून कोटेशन आलं: 'आरटीएक्स ३०६०, दोन पंखे, ओसी, तीन वर्षं वॉरंटी'. इतरांपेक्षा दोन-अडीच हजारांनी स्वस्त. भाऊ खूश. मी म्हणलं, खोक्याचा फोटो मागव.

फोटो आला. ३०६० च. पण आठ जीबी.

इथे खरी कळ आहे. २०२२ च्या अखेरीस एनव्हिडियाने ३०६० चंच एक ८ जीबीचं भावंडं बाजारात सोडलं. कोअर तेवढेच, ३५८४. नाव तेच. पण बस १९२ ची १२८ बिट झाली आणि वेग ३६० वरून २४० वर आला. म्हणजे यार्ड तर लहान केलंच, फाटकही एक तृतीयांश बुजवलं. आणि ४०६० सारखा मोठा ओटाही नाही. मेमरी न भरणाऱ्या खेळांतसुद्धा हे १२ जीबीवाल्याच्या १५ टक्क्यांच्या आसपास मागे पडतं, काही ठिकाणी बरंच जास्त. आणि नाव? आरटीएक्स ३०६०! 'एलई' नाही, 'लाइट' नाही, मागे एक अक्षरही वेगळं नाही. फोटोतल्या खोक्यावर ८ जीबी लिहिलं होतं, खोटं कसं बोलणार. पण 'बस कमी केलीय' हे कुठल्याही दर्शनी बाजूला नव्हतं. आणि त्या कोटेशनमध्ये तर जीबीचाही पत्ता नव्हता.

जालन्याच्या बाजारात १० एमएमची सळई १२ ची म्हणून विकायला कुणी बसला तर संध्याकाळपर्यंत दुकानापुढे माणसं जमतील. इथे मात्र सगळे 'व्हेरिएंट आहे' म्हणून माना डोलावतात.

कुणी म्हणेल, एखादी घटना झाली असेल. अहो, ही घराण्याची परंपरा आहे. मी बालवाडीत होतो तेव्हा, २००२ साली, जीफोर्स ४ एमएक्स आलं होतं. नावात ४, पण पोटात जवळपास जीफोर्स २. खऱ्या ४ मध्ये असलेले प्रोग्रॅम करता येणारे शेडर त्यात नव्हतेच. २०१५ च्या जानेवारीत जीटीएक्स ९७० चं प्रकरण बाहेर आलं. चार जीबी म्हणून विकलेल्या कार्डात साडेतीन जीबी जलद आणि शेवटचा अर्धा जीबी गोगलगाय. शिवाय ६४ सांगितलेले आरओपी प्रत्यक्षात ५६. अमेरिकेत खटला झाला, २०१६ मध्ये कार्डामागे ३० डॉलर देऊन तडजोड झाली. ती तिकडच्या ग्राहकांसाठी. मग २०१८ मध्ये जीटी १०३०. आधी जीडीडीआर-५ मेमरीचं होतं, ४८ जीबीचा वेग. त्याच नावाने डीडीआर-४ वालं आणलं, वेग १६.८! एक तृतीयांश. अनेक खेळांत निम्मी गती. आणि हे कार्ड कोण घेतं? सगळ्यात कमी पैसे असणारा. चाळीस-पन्नास हजारांचं कार्ड घेणारा दहा रिव्ह्यू बघून घेतो. फसतो तो सात हजार रुपये साठवून आणलेला पोरगा. मला याची खरी चीड येते.

लाल कंपनीही काही धुतल्या तांदळाची नाही. जानेवारी २०२२ मधलं एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी चारच लेनचं होतं, जुन्या मदरबोर्डवर बसवलं की जीव गेल्यासारखं चालायचं. आणि जुना मदरबोर्ड कुणाकडे असतो? तेच स्वस्त कार्ड घेणाऱ्याकडे. २०२५ मध्ये एनव्हिडियाने ५०६० टीआय काढलं, ८ आणि १६ जीबी, एकच नाव. दीड-दोन महिन्यांत एएमडीने ९०६० एक्सटी काढलं, ८ आणि १६ जीबी, एकच नाव. स्पर्धेने ग्राहकाचं भलं होतं म्हणतात ते हेच असावं :-)

यावर माझे ऑफिसातले मित्र नेहमीची दोन-तीन वाक्यं फेकतात. पहिलं, "स्पेक्स सगळे वेबसाइटवर असतात, वाचायचं ना." बरोबर आहे. सळईचा ग्रेडही मानकाच्या पुस्तकात असतो. तरी तो प्रत्येक कांडीवर का उठवायला लावतात? कारण काट्यावर आणि बांधकामावर पुस्तक घेऊन कुणी येत नाही. दुसरं, "बेंचमार्क बघावेत, स्पेक्स काय चाटायचेत." हे अर्धं खरं आहे. नुसते आकडे फसवतात हे मीही मानतो. २०६० मध्ये १९२० कोअर होते आणि ३०६० मध्ये ३५८४ झाले, कागदावर जवळपास दुप्पट, पण खेळात वाढ जेमतेम वीस टक्क्यांच्या घरात. कारण नव्या मोजणीतले निम्मे हमाल अधूनमधून पूर्णांकांच्या हिशोबाला जुंपलेले असतात. पण बेंचमार्क कुठे होतात? एसी लावलेल्या २१-२२ अंशांच्या खोलीत, बाजारातल्या सर्वात महागड्या प्रोसेसरवर, नव्या कोऱ्या मदरबोर्डवर. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत चाळीसच्या वर पारा असतो. बाहेर १८ अंश जास्त तर कार्डही जवळपास तेवढंच जास्त तापतं. तिकडे ६५ दाखवणारं कार्ड इथे ८३ ला टेकतं आणि स्वतःच वेग कमी करतं. या चार्टात अंबड कुठे आहे?

आणि हो, उन्हाचा मुद्दा ४०६० च्या बाजूने जातो, हे मी लपवणार नाही. ११५ वॉटचं कार्ड कमी तापतं. ६०० व्हीएच्या यूपीएसवर लाईट गेल्यावर जास्त तग धरतं, आणि लग्नसराईत रात्री एक्सपोर्ट लावून झोपणाऱ्याला लाईट जाणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. वीजबिलाचं म्हणाल तर रोज आठ तास, वर्षाला ३०० दिवस, ५५ वॉटचे होतात १३२ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर तेराशे रुपये. खोटं नाही. शिवाय ४०६० एव्ही-१ मध्ये एन्कोड करू शकते, ३०६० फक्त डिकोड. ज्याला नुसतं गेम खेळायचंय, नवा मदरबोर्ड आहे, त्याने २०२४ मध्ये ४०६० घेतलं असेल तर छान केलं. मी कुठल्याही कार्डाचा भक्त नाही. नवरीच्या बापाला सोमवारी पेन ड्राइव्ह द्यायचाय आणि रविवारी रात्री 'मेमरी भरली' असं आलं, तर तेराशे रुपये वाचवून काय उपयोग, एवढंच म्हणतोय.

तिसरं वाक्य सगळ्यात भारी. "फ्रेम जनरेशनमुळे ४०६० दुप्पट फ्रेम देते." देत नाही, बनवते. दोन खऱ्या फ्रेमच्या मधली एक फ्रेम अंदाजाने रंगवते. हलकं डोळ्याला गुळगुळीत दिसतं, कबूल. पण तुम्ही माउस दाबल्यापासून पडद्यावर काही होईपर्यंतचा वेळ त्याने कमी होत नाही, थोडा वाढतोच. ही फ्रेम खऱ्या फ्रेमच्याच पट्टीवर मोजून चार्ट छापणं म्हणजे दुधात पाणी घालून लिटर वाढवणं. आणि वरातीचं व्हिडिओ एडिट करताना तर ते तंत्र असूनही काडीच्या उपयोगाचं नाही. मजा म्हणजे यालाही मेमरी लागतेच, जी आठ जीबीत आधीच नाही.

ओरडून काही होत नाही म्हणता? सप्टेंबर २०२२ मध्ये एनव्हिडियाने ४०८० नावाची दोन कार्डं जाहीर केली, १६ जीबी आणि १२ जीबी. फरक मेमरीचा वाटावा अशी नावं, पण कोअर एकात ९७२८ आणि दुसऱ्यात ७६८०, बस २५६ आणि १९२. जगभर बोंब झाली. १४ ऑक्टोबरला कंपनीने १२ जीबीवालं मागे घेतलं, आणि तेच जानेवारी २०२३ मध्ये ४०७० टीआय म्हणून आलं. तीच सिलिकॉन, नाव खरं. ही बोंब झाली कारण ते लाखभराचं कार्ड होतं आणि ते घेणारे मोठ्याने बोलणारे होते. त्याच वर्षाच्या शेवटी ३०६० चं आठ जीबी आलं, तेव्हा ते नाव बदलायला कुणी भाग पाडलं नाही.

भावाने शेवटी १२ जीबीवालंच घेतलं, जालन्यातूनच, दोन हजार जास्त देऊन. दुकानदाराला म्हणलं, बिलावर नुसतं '३०६०' नको, '१२ जीबी, १९२ बिट' लिहा. तो म्हणाला, असं कुणी लिहून मागत नाही. लिहिलं मात्र. घरी आल्यावर जीपीयू-झेड टाकून बस विड्थ बघायला लावली, १९२ दिसलं तेव्हाच खोकं माळ्यावर टाकू दिलं. आता ब्लेंडरवाला एक मित्र ५०६० टीआय घ्यायला निघालाय. कोटेशन आलंय त्याला कालच. मेमरी किती ते त्यावरही लिहिलेलं नाही.